न धुतलेली वाटी

शेलूबाजार
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

चि. ऋषिकेशला ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज बघतोस आणि उत्तर देत नाहीस. म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर फाड, पण आधी वाच. लहानपणी सुई टोचायची म्हटली की तू घराच्या मातीच्या धाब्यावर चढून बसायचास आणि बाबा खालून गूळ दाखवून तुला उतरवायचे. आता धाबं गेलं, बाबा गेले, तुझी सवय मात्र तशीच आहे.

इकडे सगळं ठीक. आई थोडं थोडं जेवते. मी नको म्हटलं तरी सकाळी अंगण झाडते. शेजारच्या रुख्मिणीबाईंशी तिची चांगली गट्टी जमली आहे, दोघी ओट्यावर डाळ निवडत बसतात आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्यांची लग्नं जुळवतात. गुडघे दुखतात, ड्युटीवरून आले की तेल लावून देते. तिकडे हरभरा सोंगून झाला का? या दिवसांत आभाळ आलं की माझा जीव अजून शेतात जातो.

आजपासून प्रज्वलचे बारावीचे पेपर ना? आत्याने आठवण काढली म्हणून सांग. आई सकाळी उठल्यापासून अस्वस्थ होती. मला विचारते, "प्रज्वलले वाटी देली असंन न व त्याच्या मायनं?" मी म्हटलं, दिली असेल. "आन् धुतली त नसंन न? पोरगा घरी येल्याबिगर धुवू नोको म्हणा तिले. फोन कर." मी फोन केला नाही, कारण तो तुझ्या घरातलं कोणी उचलत नाही. केला म्हणून खोटंच सांगितलं.

तुझी दहावी आठवते? रोज पेपरला निघताना दह्यात कुस्करलेल्या भाकरीची वाटी, वरून चिमूटभर साखर, आणि तीही आईच्याच हाताने खायची. तू पेपर देऊन परत येईपर्यंत ती वाटी तशीच चुलीजवळ पडून राहायची. माश्या बसायच्या, मी ओरडायचे, आणि आई म्हणायची, गेलेलं माणूस घरी आल्याशिवाय त्याची वाटी धुवायची नसते. बाबा बाजाराला निघोत, वाशिमला कोर्टात निघोत, की कोणाच्या मयतीला निघोत, वाटीशिवाय त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडला नाही. दुसऱ्या कोणाकडे हे असं मी पाहिलं नाही. आपल्याकडेच.

बरं. आता मुद्द्यावर येते.

तुझ्या तक्रारीवर पुढच्या आठवड्यात गुरुवारी, वीस तारखेला, आमच्या दवाखान्यात चौकशी आहे. तू लेखी दिलं आहेस आणि स्वतः येणार नाहीस, असं कळलं. समितीत आमचे मोठे डॉक्टर आहेत, बाहेरचे एक डॉक्टर आहेत आणि नर्सिंग शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत. मलाही बोलावलं आहे, वॉर्डची इन्चार्ज म्हणून. पेशंट माझा बाप, वॉर्ड माझा, तक्रार करणारा माझा भाऊ. मी कोणत्या खुर्चीवर बसायचं ते त्यांनाही नीट सुचत नाही.

जिच्याविरुद्ध तू लिहिलंस तिला तू धड पाहिलंही नसशील. यूसरा तिचं नाव. मंगरूळपीरच्या फय्याजभाई टेलरची मुलगी. घराण्यातली पहिली नर्स. माझ्या हाताखाली शिकली. बाबांना भरती केलं तेव्हा त्यांचा पलंग मीच तिच्याकडे दिला होता. आमच्यात रीत आहे, आपल्या रक्ताच्या माणसाची ऑपरेशनची तयारी आपण करायची नाही. माया आडवी येते. मग वॉर्डातली सगळ्यांत नेटकी मुलगी कोण, तर यूसरा. म्हणून तिच्याकडे दिला.

तू लिहिलंस की पेशंटला उपाशी ठेवायचं हे नर्सने कोणालाच सांगितलं नाही, वॉर्डातले चहा-पोहे बाबांनाही दिले गेले आणि त्यामुळे ते गेले. यातलं एक खरं आहे. बाबांच्या पोटात अन्न होतं. भूल देताना ते वर आलं आणि फुफ्फुसात गेलं. मग अकोला, ते मशीन, आणि पुढचं तुला माहीत आहे. हर्नियाचं साधं ऑपरेशन होतं. "दोन दिवसांत घरी सोडू, काळजी करू नको," असं मीच तुला म्हटलं होतं. ते माझं वाक्य मला आता रोज ऐकू येतं, ऋषी.

पण पोहे बाबांना कोणी दिलेले नाहीत. पोह्यांची गाडी त्यांच्या पलंगापाशी आली तेव्हा यूसरानेच ती पुढे ढकलली, हे शेजारच्या पलंगावरच्या माणसाने पाहिलं आहे. तू तेव्हा मेडिकलवर औषधं आणायला गेला होतास. तिने पलंगाला पाटी लावली, आईचा हात धरून सांगितलं की आजी, यांना तोंडाने काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. नर्सने सांगायचं असतं, विचारायचं असतं आणि लिहून ठेवायचं असतं. हे तिन्ही तिने केलं. याच्यापुढे काय करणार? पेशंटच्या तोंडाला कुलूप लावता येत नाही.

तिच्यावर ठपका बसला तर नोकरी जाईल, ते एक. पण नर्सिंग कौन्सिलकडे कळवलं आणि नोंदणीवर आलं, तर तिला कुठल्याच दवाखान्यात नर्स म्हणून उभं राहता येणार नाही. परवा आमच्या संस्थेच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, तुमच्याच घरचं दुःख आहे. पोरगी नवीन आहे, तिला कमी केलं की तुमचे बंधू शांत होतील. तुम्ही फक्त 'मला काही माहीत नाही' एवढंच म्हणा." मी चहा तसाच ठेवून उठले. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

आणि तुमच्या मालेगावच्या स्टँडवर तुझ्या मित्रांनी त्या मुलीच्या नावावरून, धर्मावरून काय काय तोंडसुख घेतलं, तेही माझ्यापर्यंत आलं आहे. तू त्यात काही बोलला नाहीस म्हणे. पण त्यांना गप्पही केलं नाहीस. बाबा तिथून उठून गेले असते, हे तुला मी सांगायला नको.

तक्रार मागे घे. का, ते विचारू नकोस. मोठी बहीण म्हणून एवढं एक ऐक.

वरची ओळ लिहून मी उठले होते. आईला चहा करून दिला, दोरीवरचे कपडे काढले, उगाच दोनदा पंप बघून आले. परत येऊन वाचलं तर माझं मलाच कळलं की असं लिहून भागणार नाही. 'का' हे तू विचारणारच. आणि तक्रारीच्या कागदावर बाबांच्या मुलाची सही आहे, तेव्हा तुला कळण्याचा हक्कही आहे.

तेरवी झाल्यावर आई माझ्याकडे आली, तेव्हा दवाखान्यात नेलेली ती हिरवी कापडी पिशवी तिच्याबरोबरच होती. दोन-तीन दिवस तिने मला हात लावू दिला नाही. मग लुगडी धुवायची म्हणून मी ती उघडली. आंबूस वास आला. तळाशी फडक्यात बांधलेली बाबांची वाटी होती. कडेला दही वाळून पिवळं पडलं होतं, तळाला भाकर चिकटली होती.

मी तिथेच खाली बसले.

आईने माझ्या हातातून वाटी घेतली. म्हणाली, "धुवू नोको व. माणूस घरी येल्यावर धुवाची असते. आता ते कुठं येते? राहू दे तशीच." आणि मग, कोणाला न सांगितलेलं काहीतरी गोड सांगावं तशी, हळूच म्हणाली, "मी त्यायले उपाशी नाही जाऊ देलं, वैजू. ते नर्स पोट्टी देऊ नोका म्हणे. पन ते काय जेवन थोडीच होतं? शकुन होता. ते बाळंतीन मंधात आली, यायचा नंबर मांगं गेला, तोंड सुकून गेलतं त्यायचं. सारी वाटी खाल्ली. बोटं चाटली. तेवढंच एक मले समाधान हाय."

तूही तिला विचारलं होतंस, बाबांना काही खाऊ घातलं का म्हणून. ती नाही म्हणाली. ऋषी, ती खोटं बोललेली नाही. तिच्या हिशेबात वाटी म्हणजे खाणं नाहीच. माणसाला घराबाहेर पाठवताना त्याच्या पाठीशी जे द्यायचं असतं ते ते आहे. आणि बाबा तर ऑपरेशनला निघाले होते.

यूसरानेच मला सांगितलं, ती त्या बाळंतिणीकडून धावत परत आली आणि तिने बाबांना पुन्हा विचारलं होतं, आजोबा, काही खाल्लं-प्यालं काय? बाबांनी आधी आईकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही पोरी."

आता तुला सगळं माहीत झालं. वाटीने काय केलं हे आईला माहीत नाही. ऑपरेशनात दम लागला एवढंच तिला ठाऊक आहे, आणि तो शेवटचा घास तिच्या हातचा होता या एका गोष्टीवर ती उभी आहे. ती गोष्ट मी तिच्या पायाखालून काढायची?

पण गुरुवारी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. मला जे माहीत आहे ते दडवून एका निरपराध मुलीचा जन्म वाया घालवणं मला जमणार नाही. ते कायद्याला धरून नाही, हे तर आहेच. पण कायदा नसता तरी मला जमलं नसतं. फक्त तक्रारच उरली नाही, तर चौकशी नाही. चौकशी नाही तर कोणी मला विचारणार नाही. ती मुलगीही वाचेल आणि आईही. हे माझ्या हातात नाही, तुझ्या हातात आहे.

आईला फोन करून काही विचारू नकोस. तुला बाबांची शपथ.

तुझी,
वैजूताई


शेलूबाजार
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

चि. ऋषी,

आशीर्वाद. पत्र पोचल्यावर तू फोन केलास. एवढ्या दिवसांनी तुझा आवाज ऐकला, तोही असा. "परक्या पोरीसाठी तू माह्या मायवर घालून राह्यली काय?" एवढंच म्हणालास आणि ठेवून दिलास. मला राग आला नाही असं नाही. आला, चांगला आला, दिवसभर भांडी आपटत होते. पण संध्याकाळी कळलं की तुला हे दुसऱ्या कोणाचं तरी असायला हवं आहे. दुसऱ्या कोणाचं असलं की शिव्या देता येतात. आपल्या घरातलं असलं की काय करायचं असतं, ते आपल्याला कोणी शिकवलेलं नाही.

तक्रार तू मागे घेतली नाहीस. म्हणून जे झालं ते सांगते. दुसऱ्या कोणाकडून तुझ्या कानावर येण्याआधी.

गुरुवारी आईला रुख्मिणीबाईंकडे ठेवून मी गेले. मीटिंग आहे म्हणाले होते. पण अशा गोष्टी गल्लीत लपत नाहीत. रुख्मिणीबाई बोलून गेल्या की तुमच्या रामरावांच्याच केसची आज चौकशी आहे म्हणते, त्या पोरीची नोकरी जाऊन राह्यली. आईने लुगडं बदललं, ऑटो थांबवला आणि दवाखान्यात आली. कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही.

बाहेर बाकावर यूसरा आणि तिची आई अख्तरीबी बसल्या होत्या. हे मला अख्तरीबींनी नंतर सांगितलं. आई त्या मुलीजवळ जाऊन बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "काहून रडतं व माय?" यूसरा म्हणाली, "कुछ नहीं आजी." तुमच्याच मुलाने तक्रार केली, असं ती म्हणू शकली असती. पण अख्तरीबींना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या पोरानं लिहून देलं मावशी, माह्या पोरीनं तुमाले काही सांगतलंच नाही म्हणून."

आई उठली.

आत मी बोलत होते. बाहेरच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "पेशंटने काय खाल्लं, कोणी दिलं, याबद्दल तुम्हाला काही माहिती आहे का?" मी "हो" म्हणाले. एवढं म्हटलं आणि पाणी मागितलं. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तेवढ्यात दार ढकलून आई आत आली. शिपाई मागून "आजी, आजी" करत होता.

"सायेब, मी रामरावाची बायको हावो," ती म्हणाली. "माह्या पोराले माहीत नाही. तो तवा औषध आणाले गेलता. या पोट्टीनं सांगतलं होतं. हात धरून सांगतलं मले. काही देऊ नोका म्हणे, पानी बी नोका देऊ म्हणे. खोटं कायले सांगू? तिची नोकरी नोका घेऊ."

मी उठले. आईला बाहेर न्यायचं माझ्या मनात आलं, पण मी नेलं नाही. ती स्वतःच्या पायाने साक्ष द्यायला आली होती, आणि त्या खोलीत मी तिची मुलगी म्हणून बसलेली नव्हते. हे बरोबर केलं की चूक, ते मला आजही कळत नाही. तुला कळलं तर मला सांग.

मोठ्या डॉक्टरांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "आजी, मग तुम्ही काही दिलं होतं का त्यांना?"

"नाही जी. जेवाले काहीच नाही देलं. दहीभाकरीची वाटी तेवढी देली. ते त शकुनाची रायते. एवढ्या मोठ्या कामाले माणूस निंगालं, त्याले तसंच धाडू काय?"

मॅडम लिहीत होत्या, त्या थांबल्या. बाहेरच्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आईने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे. मला तेव्हा तोंड दुसरीकडे वळवता आलं असतं तर बरं झालं असतं.

"काय झालं व वैजू?" ती म्हणाली. "मी काही उलटं बोलली काय?"

मी म्हटलं, "नाही माय. बरोबर बोललीस. बस."

मग यूसराला आत बोलावलं. तिला कळलं होतं की ती आता सुटली आहे. गप्प राहिली असती तरी चाललं असतं. पण ती पोरगी म्हणाली, "सर, आजीची गलती नाही. काही देऊ नका म्हणून मी सांगतलं, पन काहून देऊ नका ते नाही सांगतलं. पोटात अन्न असलं त जिवाले धोका हाय, हे मी बोलाले पाहिजे होतं. सिझरले बोलावलं, मी धावत गेली." हे सांगायला तिला कोणी भाग पाडलं नव्हतं. मी तिला नेहमी म्हणायचे, कमी बोल, नेमकं बोल. माझ्या वॉर्डात आम्ही सगळ्या असंच सांगतो, 'देऊ नका'. आणि समोरचं माणूस मान हलवतं. त्या मानेच्या मागे काय आहे ते बघायला आम्हाला सवड नसते. आईला कोणी कारण सांगितलं असतं, तर तिने ती वाटी स्वतः सांडून टाकली असती.

यूसरावर ठपका नाही, असं समितीने लिहिलं. यापुढे प्रत्येक पेशंटच्या माणसांना उपाशी ठेवण्याचं कारण त्यांच्या भाषेत समजावून सांगायचं, आणि त्यांच्याकडून ते परत वदवून घ्यायचं, असंही लिहिलं. चांगलं आहे. बाबांच्या नंतर आलं, एवढंच.

ऑटोत आई दांडीला धरून बसली होती. घरी आलो, ती ओट्यावर बसली, मी पाणी दिलं. तिने ते न पिताच खाली ठेवलं. मग म्हणाली, "वैजू. त्या वाटीनं गेले काय ते?"

ऋषी, मी किती लोकांना किती वाईट बातम्या सांगितल्या असतील. कसं उभं राहायचं, कुठे हात ठेवायचा, सगळं मला येतं. तिथे मला काहीच येईना. एकदा वाटलं, नाही म्हणावं. म्हातारं माणूस आहे, किती दिवस राहणार, एक खोटं खपून जाईल. पण तिने त्या लोकांची तोंडं पाहिली होती. मी नाही म्हटलं असतं, तर तिला तेही कळलं असतं आणि मग ती एकटीच पडली असती, माझ्या घरात, माझ्यासमोर. मी हो म्हणाले.

आणि मग बाकीचंही सांगितलं, कारण अर्धं सांगून सोडणं जास्त वाईट. म्हटलं, तुला कारण कोणी सांगितलं नव्हतं माय. आणि त्या मुलीने बाबांनाही विचारलं होतं, खाल्लं का म्हणून. तेव्हा बाबा नाही म्हणाले. तुझ्याकडे पाहून नाही म्हणाले. तुला कोणी बोलू नये म्हणून.

"मंजे ते माह्यापायी खोटं बोलले," ती म्हणाली. "मी रागावल्या जाईन म्हणून. अवं, मले कोनी रागावलं असतं त काय झालं असतं?"

ती रडली नाही. आत गेली, पिशवीतून वाटी काढली, अंगणातल्या नळाखाली बसली आणि घासायला लागली. मातीने घासली, मग राखेने घासली. मी म्हटलं, दे माझ्याकडे. दिली नाही. वाटी केव्हाच लख्ख झाली होती, तरी ती घासत होती. शेवटी मी नळ बंद केला.

त्या दिवसापासून आई कोणाला वाढत नाही.

आधी मला लक्षात आलं नाही. ती भाकरी थापते, भाजी करते, सगळं करते. पण जेवायला बसलं की ताटापासून दूर सरकते आणि म्हणते, "तुह्या हातानं घे व." मी ड्युटीला निघाले की पूर्वी दारात यायची, आता येत नाही. रुख्मिणीबाईंची नात रोज गुळासाठी यायची. परवा आली तर आईने हात पदराखाली घेतले आणि मला हाक मारली, "वैजू, तू दे तिले." काल यूसरा आणि अख्तरीबी भेटायला आल्या. यूसरा आईच्या पायाशी बसली आणि म्हणाली, आजी, तुमच्या हातचा चहा पाजा न. आई कसंनुसं हसली. चहा मीच केला.

तिला काही आजार नाही. मी बीपी पाहिलं, साखर पाहिली, मला दुसरं काय पाहता येतं? तिला तिच्या हातांची भीती बसली आहे. माझं तिथे काही चालत नाही, कारण तिला हो म्हणणारी मीच आहे.

म्हणून तुला लिहिते आहे. भांडायला नाही. तू जे लिहून दिलंस ते तुला खरं वाटत होतं, हे मला माहीत आहे. तुझा बाप गेला होता, तुला कोणाची तरी मान हवी होती. यूसराकडे तुला एकदा जावं लागेल, फय्याजभाईंसमोर उभं राहावं लागेल. ते मी सोडणार नाही, माझा स्वभाव तुला माहीत आहे. पण ते नंतर.

आधी इथे ये. प्रज्वलच्या पेपरांच्या मध्ये सुटी असेल तेव्हा सकाळच्या गाडीने ये. आल्यावर तक्रारीचं काढू नकोस, बाबांचं काढू नकोस, मला काय बोलायचं ते परतीच्या वेळी स्टँडवर बोल. तिच्या पाया पडू नकोस, गळ्यात पडून रडू नकोस, ती घाबरेल. नुसता ओट्यावर बस आणि म्हण, माय, भूक लागली. ती माझं नाव घेईल. "वैजूले म्हण," म्हणेल. मी घरात नसेन, तशी व्यवस्था मी करून ठेवते. तू बसून राहा. कितीही वेळ लागला तरी उठून स्वतःच्या हाताने घेऊ नकोस.

दही लावून ठेवते. वाटी वरच्या फळीवर आहे, तिला माहीत आहे.

घरून काही खाऊन निघू नकोस. मालेगावच्या स्टँडवर गाडी थांबली तर चहासुद्धा घेऊ नकोस. उपाशी ये, ऋषी.

वाट पाहणारी,
ताई